दुसऱ्या सहीची जागा

अण्णा पगारे हाफ शर्टावर असत. डिसेंबरात, जानेवारीत, सकाळी सहाला जॉगिंग ट्रॅकवर बाकीची मंडळी माकडटोप्या घालून, हात बगलेत खुपसून चालत असताना हा सत्तरी ओलांडलेला काटकुळा माणूस खिशाला दोन पेनं लावून ताठ चालायचा. कुणी म्हणालं, "अण्णा, स्वेटर घाला की," तर म्हणायचे, "अजून आलेली नाही. आली की घालीन." थंडी म्हणजे जणू नागपूरहून येणारी त्यांची मुलगी होती आणि गाडी फलाटाला लागल्याशिवाय ते बाकावरून उठणार नव्हते.

थंडी आली की नाही, हे ठरवायचं काम अण्णांच्या पिंजऱ्याचं. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत, आंब्याच्या पलीकडे, मोटार उभी राहील एवढी मोकळी जागा होती. तिथे अण्णांनी हिरवळ राखली होती आणि हिरवळीच्या मधोमध, छातीएवढ्या उंच पायांवर, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी केली होती. ते तिला पिंजरा म्हणत. आत दोन तापमापकं आडवी ठेवलेली. त्यातलं एक किमान तापमानाचं. त्याच्या नळीत एक बारीक काळी दांडी असते. रात्री गारवा वाढत गेला की आतला द्रव आकसतो आणि दांडीला मागे ओढत नेतो. सकाळी ऊन चढलं की द्रव पुढे सरकतो, पण दांडी तिथेच राहते. रात्री तापमान कुठवर उतरलं, ते ती दांडी सांगते. नोंद झाली की नळी हाताने कलती करायची, म्हणजे दांडी घरंगळत पुन्हा जागेवर येते. एकदा कलती केली की रात्रीचा पुरावा संपला.

हे सगळं मला अण्णांनीच शिकवलं. मी काही हवामानातला माणूस नाही. पोस्टात छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन या सोसायटीत राहायला आलो. अण्णा पाटबंधारे खात्यात निरीक्षक कारकून होते, म्हणजे धरणाच्या कामावर पाऊस आणि तापमान मोजणारे. मी पोस्टातला हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. "शिक्क्याचा माणूस आला," असं त्यांनी दोघा-तिघांना सांगितलं आणि मला कायमचा पोस्टमास्तर करून टाकला. मी सब-पोस्टमास्तर होतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आनंद झाला तरी पहिल्याच आठवड्यात ते तक्रार घेऊन दारात उभे होते. मी माझी गाडी पिंजऱ्याशेजारी लावली होती. "पोस्टमास्तर, इंजिन गरम असतं. माझा पिंजरा तापतो. गाडी जरा लांब लावा."

"लांब म्हणजे कुठे? लांब तर रस्ता आहे."

"मग रस्त्यावर लावा," अण्णा म्हणाले. त्यात उद्धटपणा नव्हता. आपण फार वाजवी गोष्ट सांगतोय असाच त्यांचा चेहरा होता. मी आठ वर्षं गाडी रस्त्यावर, गुलमोहराखाली लावली आणि आठ वर्षं रोज सकाळी तिच्यावरची पक्ष्यांची घाण धुतली. हे मुद्दाम सांगतोय. माणूस मोठ्या कारणांनी वाईट वागतो असं नाही. त्याला अशी बारकी कारणंही पुरतात.

अण्णांची वही सरकारी थाटाची, आडवी, कापडी पाठीची. तारीख, कमाल, किमान, पाऊस, शेरा, सही, आणि शेवटी दुसरी सही. हा शेवटचा रकाना बहुतेक कोराच असायचा. मी विचारलं तेव्हा त्यांनी खात्याची पद्धत सांगितली. नेहमीपेक्षा वेगळा आकडा आला तर एकट्याची नोंद धरत नाहीत. दुसऱ्या कुणी तरी तो आपल्या डोळ्यांनी वाचायचा, मोठ्यानं बोलायचा आणि सही करायची. "आकडा खरा असून भागत नाही," अण्णा म्हणाले. "तो पाहणारा दुसरा माणूसही लागतो."

वेळ साडेआठची. आठ एकोणतीसला अण्णा पिंजऱ्याचं दार उघडत आणि साडेआठला वाकत. लग्न असो, मयत असो. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मात्र दोन दिवस त्यांना येता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर ते वही घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो आणि मोबाईल काढला. म्हटलं, "अण्णा, दोन दिवसांचं तापमान यात आहे. सांगू का? भरून टाका."

"त्याला विचारा, कुठे उभा राहून बघितलंस?"

मोबाईलबद्दल त्यांचं हे ठरलेलं वाक्य होतं. एरवी ते हसून म्हणत. त्या दिवशी त्यांनी फक्त वही मिटली आणि म्हणाले, "राहू द्या रिकामी जागा. रिकामी जागा खोटं बोलत नाही. त्या दिवशीचं त्या दिवशी झालं नाही, संपलं." ते दोन कोरे चौकोन अजूनही त्या वहीत आहेत. शांताबाई गेल्याची दुसरी कसलीही नोंद अण्णांनी कुठे केलेली मी पाहिली नाही.

आमचा एक ग्रुप होता. मोबाईलवरही होता आणि जॉगिंग ट्रॅकबाहेरच्या चहाच्या गाडीवरही होता. नाव 'थंडीवाले'. अण्णा, मी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक देवरे सर आणि नितीन चांदवडकर. चांदवडकरचं मोबाईलचं दुकान. वय पन्नास, पण वागणं कॉलेजातल्या पोरासारखं. सगळ्यांना हवाहवासा. कुणाच्या वाढदिवसाला केक, कुणाच्या मोबाईलला फुकट काच. पाचवा सभासद फक्त फोनवर. निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, भाऊसाहेब रायते. आमच्यासाठी थंडी हा छंद होता, त्यांच्यासाठी बाग. रात्र फार गार होणार असेल तर ते पहाटे बागेत काडीकचरा पेटवून धूर करायचे, म्हणजे घडांना थंडी बाधत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा अण्णांना फोन ठरलेला. अण्णांनी "नको" म्हटलं की ते निवांत झोपत.

त्या वर्षी थंडीच पडली नाही. दिवाळी गेली, डिसेंबर गेला, संक्रांत तोंडावर आली तरी पंखे बंद झाले नाहीत. जरा गारवा धरला की समुद्राकडून ढग यायचे आणि रात्र पुन्हा कोमट व्हायची. स्वेटर कपाटातून निघाले आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट परत गेले. चहाच्या गाडीवर आमची रोज शोकसभा भरायची.

"हाई काय थंडी शे का?" देवरे सर सटाण्याचे. वैतागले की घरच्या बोलीवर येत. "आमना बागलाणमा अजून पंखा चालू शे."

"सर, उत्तरेत बर्फ पडलाय," चांदवडकर मोबाईल नाचवत म्हणायचा. "चार दिवसांत वारं इकडे फिरतं बघा. मी सांगतो, या वर्षी नाशकात बर्फ. लोकं बर्फ बघायला पार मनालीला जातात. एकदा आपल्या दारात पडला पाहिजे राव."

"बर्फ पडणार नाही," अण्णा शांतपणे सांगत. "तो आपल्याकडे पडत नसतो. पडलं तर दव, आणि दव गोठेल. तेवढं पुष्कळ झालं."

"तेच हो. पांढरं दिसलं म्हणजे झालं."

"पांढरं दिसणं वेगळं," अण्णा म्हणत आणि पुढे बोलत नसत.

पुढचं त्यांनी एकदाच सांगितलं, मला एकट्याला, त्याच जानेवारीत. पिंजऱ्याजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो. अण्णा चोवीस-पंचवीस वर्षांचे असताना पेठच्या पलीकडे डोंगरात एका धरणाच्या सर्वेक्षणाच्या छावणीवर होते. तंबूत राहायचं, सकाळी नोंदी घ्यायच्या, महिन्यातून एकदा साहेब जीप घेऊन यायचा. एका सकाळी छावणीच्या चौकीदाराने त्यांना हलवून उठवलं. "साहेब, भायर या. गवत पांढरा झाला." अण्णा बाहेर आले तर नदीपर्यंतचं सगळं माळरान पांढरं. गवताच्या प्रत्येक टोकावर दव गोठलेलं. त्यांनी पिंजरा उघडला. दांडी शून्य पूर्णांक चारवर. सोबतच्या कारकुनाला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं, मोठ्यानं वाचलं, "शून्य पॉइंट चार," आणि म्हणाला, "बाप रे. हात धुऊन येतो, मग सही करतो."

हात धुवायला गेला तेवढ्यात जीप आली. साहेबाने वही मागितली. आकडा पाहिला आणि हसला. "पगारे, शून्य? हे काय हिमालय आहे? शुद्धीवर होतास का?" अण्णा म्हणाले, यांनीही वाचलंय साहेब. साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "मी नीट पाहिलं नाही, साहेब."

तोवर ऊन चढून गवत ओलं झालं होतं. साहेबाने लाल शाईने शून्य खोडलं आणि चार लिहिलं. मग पुढे तीस वर्षं खात्यात अण्णांचा काही आकडा जरा वेगळा आला की कुणी ना कुणी म्हणायचं, हा तोच, शून्यवाला पगारे.

"त्याचा राग नाही आला?" मी विचारलं. मला त्या कारकुनाबद्दल विचारायचं होतं.

"साहेबाचा नाही आला. त्याने पाहिलं नव्हतं." मग म्हणाले, "मला आणखी एकदा बघायचंय, पोस्टमास्तर. माझ्या पिंजऱ्यात, माझ्या गवतावर. आणि शेजारी कुणी तरी उभं पाहिजे. एकदा तरी ती सही व्हायला पाहिजे." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पिंजऱ्याकडे बघत होते. मला मात्र ते फार लागलं होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी, अण्णा यायच्या आधी, चहाच्या गाडीवर सांगितलं. ते मी सांगायला नको होतं.

चांदवडकरच्या डोळ्यात पाणी आलं. खोटं नव्हतं ते. मग त्याच ओल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "मग आपण दाखवू ना अण्णांना बर्फ. काय अवघड आहे?"

आमचा फ्रीज जुना. त्याच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे थर चढायचे आणि बायको महिन्याला एकदा सुरीने खरवडून काढायची. ते चांदवडकरला माहीत होतं. तो बर्फ खरवडायचा, आणखी गोळ्याच्या गाडीवरून थोडा किसून आणायचा, पहाटे अण्णांच्या हिरवळीवर पसरायचा. अण्णा उजाडताच गवत बघायला येतात. बघतील, खूश होतील. आपण टाळ्या वाजवू आणि सांगून टाकू. देवरे सर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा बरी नाही. चांदवडकर म्हणाला, "चेष्टा कुठे सर? प्रेम आहे हे." मी बर्फ न्यायला परात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत काम झालं. उजाडलं तेव्हा लांबून हिरवळ खरंच पांढरी दिसत होती. मी वर येऊन गॅलरीत उभा राहिलो. अण्णा आले. पाच पावलं अलीकडेच थांबले. मग चपला काढल्या. देवळात काढतात तशा नव्हे, गवत चिरडू नये म्हणून काढल्या आणि गुडघ्यावर बसले. त्यांचा चेहरा मला वरून दिसला. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मला त्याचा हक्क नाही.

पाचेक सेकंद गेले असतील. मग त्यांनी वाकून गवताचं एक पातं दोन बोटांनी वर उचललं, बुडाशी पाहिलं, टोकाशी पाहिलं. उठले, पिंजरा उघडला, आत पाहिलं, बंद केला. तोवर चांदवडकर मोबाईल धरून पुढे आला होता. "अण्णा, अभिनंदन! नाशकात बर्फ!"

"साडेआठ वाजू द्या," अण्णा म्हणाले.

चांदवडकरने टाळ्या वाजवून सांगून टाकायचं ठरलं होतं. पण तोवर शेजारचे चार जण बाल्कनीतून ओरडले होते, पोरं खाली धावली होती, कुणी गवतावर बसून फोटो काढत होतं, आणि चांदवडकरचा स्वतःचाच व्हिडिओ गावभर फिरायला लागला होता. लोक त्याला शाबासकी देत होते. जो माणूस आयुष्यभर सगळ्यांना आवडत आलाय, त्याला अशा वेळी "थांबा, खोटं आहे" असं म्हणता येत नाही. तो माझ्या गॅलरीकडे बघून डोळे मिचकावून हसला आणि गप्प बसला. मीही हसलो. देवरे सर त्या दिवशी खाली आलेच नाहीत.

आठ वाजून वीस मिनिटांनी अण्णा माझ्या दारात. "पोस्टमास्तर, आज दुसरी सही लागेल. चला."

मी गेलो. बर्फ विरघळत आला होता. आंब्याच्या सावलीत थोडा उरला होता. साडेआठला अण्णांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. मी चष्मा सारखा केला, वाकलो, दांडी पाहिली. "अकरा पॉइंट दोन," मी वाचलं. मोठ्यानं वाचलं. आकडा लख्ख दिसत होता. काचेवर डाग नव्हता, माझ्या चष्म्यावर वाफ नव्हती. हेही मुद्दाम सांगतोय.

अण्णांनी नोंद केली, आपली सही केली आणि पेन माझ्याकडे धरलं. तेवढ्यात फाटकातून चांदवडकर आला. बरोबर वार्ताहर मुलगी, कॅमेरा घेतलेला एक जण आणि मागून अर्धी सोसायटी. चेअरमननी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हेच आमचे अण्णा," चांदवडकर सांगत होता. "पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली यांनी."

मुलीने माईक धरला. "आजोबा, काय वाटतंय? पारा शून्यावर गेला ना?"

"अकरा पूर्णांक दोन," अण्णा म्हणाले.

"म्हणजे उणे?"

"उणे नाही. अकरा. अकराला दव गोठत नाही."

मग कुणी तरी हसलं. चेअरमन पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, मीटर जुना आहे त्यांचा. बिघडला असेल. बर्फ तर आम्ही सगळ्यांनी पाहिलाय डोळ्यांनी."

"मीटर बिघडलेला नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दांडी अजून हलवलेली नाही. आणि यांनीही वाचलंय. हे पोस्टात होते." त्यांनी वही माझ्यापुढे केली. "सांगा, पोस्टमास्तर."

चांदवडकर माझ्याकडे बघत होता. वर गॅलरीत माझी बायको उभी होती. चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, आणि ती सगळी सकाळपासून बर्फाबरोबर फोटो काढून बसली होती. अकरा खरं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग बर्फ कुठून आला? आणि परात आमची होती.

"मी नीट पाहिलं नाही," मी म्हणालो.

शब्द तेच आहेत, हे मला तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. अण्णांना आधीच कळलं असावं, कारण ते दचकले नाहीत. त्यांनी मान हलवली, एखाद्याने पत्ता बरोबर सांगितल्यावर हलवावी तशी. पेन खिशाला लावलं. मग पिंजऱ्यात हात घालून त्यांनी नळी सावकाश कलती केली. दांडी घरंगळून जागेवर गेली. दार लावून ते घरी निघून गेले. बातमीत त्यांचं वाक्य आलं नाही. अण्णा गुडघ्यावर बसलेले तेवढे दाखवले, चांदवडकरच्या मोबाईलमधून घेतलेले.

त्या संध्याकाळी ते घरी आले. मी दार उघडलं, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. बायकोला म्हणाले, "वहिनी, एक बशी द्या." तिने दिली. अण्णांनी मुठीतून काहीतरी काढून बशीत ठेवलं. एक हिरवा वाटाणा. आमच्या फ्रीजरमधला, बर्फात अडकून गेलेला. "गवतात मिळाला. तुमचा दिसतोय."

बायको आत निघून गेली. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"गोठलेलं दव पात्याच्या टोकाला असतं. हा बर्फ बुडाशी होता."

"मग तिथेच का नाही बोललात? आम्हाला उघडं पाडायचं होतं."

"बर्फ कुणी आणला, हा रकाना माझ्या वहीत नाही," अण्णा म्हणाले. "मी ते विचारणारच नव्हतो. तुम्हाला फक्त आकडा सांगायचा होता."

त्यांच्या खिशात फोन वाजला. रायते होते. अण्णांनी फोन स्पीकरवर घेतला, कानाशी धरून त्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"अण्णा, लय फोटो फिरतोय. उद्या पहाटं धूर करू का?"

"नको. अकरा होतं. आजही ढग आहेत."

पलीकडून रायते म्हणाले, "पण फोटोत तर पांढरं दिसतंय हो. लोक म्हणत्यात, तुमचं मीटर बिघडलंय. करतो मी धूर. बाग माझी हाय, रिस्क नाय घ्यायची." आठ वर्षांत पहिल्यांदा रायत्यांनी अण्णांचं ऐकलं नाही. अण्णांनी "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि जिना उतरून गेले.

खरं सांगायचं तर, त्यानंतरही मला पुष्कळ संधी होत्या. ग्रुपवर चार ओळी टाकता आल्या असत्या. अण्णा ग्रुप सोडून गेले नव्हते. रोज साडेआठला किमान तापमान टाकत होते. चौदा पूर्णांक शून्य, तेरा पूर्णांक सहा. पूर्वी त्यावर आमचे अंगठे पडायचे. आता पडेनात. चांदवडकर म्हणायचा, "अण्णा विनाकारण मनाला लावून घेतात. आपण चांगल्यासाठी केलं." देवरे सर चहाला यायचे बंद झाले. मी जात राहिलो. चहा चांगला असतो तिथला.

फेब्रुवारीत सोसायटीची सभा झाली. पार्किंगला जागा नाही हा विषय नेहमीचाच. या वेळी चेअरमननी ठराव आणला की मागची हिरवळ काढून तिथे फरशी टाकावी. "यंत्र बिघडलेलंच आहे. कशाला अडवायची जागा?" अण्णा उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता भांडतील. त्यांनी विचारलं, "यंत्र बिघडलंय असं म्हणणाऱ्यांनी ते तपासलंय का?" मग सभागृहभर नजर फिरवली. माझ्यावर थांबवली नाही, इतरांवर जेवढी टाकली तेवढीच टाकली. ठराव एकमताने झाला. एकमतात मी होतो. जागा कुणाला, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या.

मुलगी सुजाता त्यांना न्यायला आली ती मार्चमध्ये. अण्णा आता नागपूरलाच राहणार म्हणाली. सामान फार नव्हतं. पिंजरा रद्दीवाल्याने नेला. दोन्ही तापमापकं अण्णांनी शांताबाईंच्या शालीत गुंडाळली होती आणि ती मांडीवर घेऊन ते गाडीत पुढे बसले होते. आणि अंगात स्वेटर होता. मार्चच्या दुपारी, अडतीस अंशात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आठ वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला.

मी खाली धावलो. धावताना खिशाला पेन लावलं होतं. काचेशी वाकून म्हणालो, "अण्णा, ती वही कुठेय? काढा. मी सही करतो. अकरा पॉइंट दोन. मी नीट पाहिलं होतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते रागावतील, निदान तोंड फिरवतील. पण ते पूर्वीच्याच वाजवी आवाजात बोलले.

"पोस्टमास्तर, तुम्हीच सांगा. त्या दिवशीचा शिक्का आज मारता येतो का?"

"नाही," मी म्हणालो. छत्तीस वर्षांची नोकरी, दुसरं उत्तर तोंडातून आलंच नाही.

"मग राहू द्या ती जागा रिकामी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

गाडी वळेपर्यंत मी तिथे उभा होतो. वळताना मागच्या काचेतून स्वेटरची कॉलर आणि मान दिसली, ताठ, ट्रॅकवर चालताना असायची तशी.

चिठ्ठी माझ्या नावाची निघाली होती. हिरवळीच्या जागी आता फरशी आहे आणि पिंजरा उभा होता तिथे माझी गाडी उभी असते. आंब्याची सावली चांगली येते. पक्ष्यांचा त्रास नाही.